पासवर्डांची वही

४ जून

खारू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेव. पण फाडू नकोस. मागची बाजू मी मुद्दाम कोरी सोडली आहे, आकडेमोडीला उपयोगी पडेल.

माझा फोन तू ब्लॉक केलास, मेल आल्या पावली परत येते. त्यामुळे तीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी तुझी मावशी आज पोस्टाच्या तिकिटाला डिंक लावत बसली आहे. शेजारचे चष्मेवाले काचेतून बघत होते. आत येऊन म्हणाले, प्रगती म्हणतात ती हीच का? मी त्यांना हाकलून दिलं.

पत्ता कुठून मिळाला, असं तुझ्या मनात येणारच. तुझ्या संस्थेचं एक पाकीट घरी आलं. मी ते लगेच फोडलं नाही. वरचं नाव तीनदा वाचलं. 'कुटुंबीयांस' असं लिहिलं होतं. तरी खात्री वाटेना, म्हणून चष्मेवाल्यांकडे नेलं. त्यांनी ते भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्हालाच आहे. कुटुंबीय म्हणून तिला तुमच्याशिवाय आहे कोण?" मग फोडलं.

तर मला सगळं कळलंय. उजाड माळावर मंगळावरच्यासारखं एक घर बांधलंय. वीस सप्टेंबरला तुम्ही सहा जण आत जाणार, दार लागणार, ते आठ महिन्यांनी उघडणार. फोन नाही, मेल नाही, बातम्या नाहीत. प्रत्येकाने दहा सप्टेंबरपर्यंत फॉर्मवर बाहेरच्या एका व्यक्तीचं नाव द्यायचं. आठवड्यातून एकदा त्या एकाच व्यक्तीशी निरोप, तोही दीडशे शब्दांत, आणि तो मुद्दाम वीस मिनिटं अडवून ठेवणार, कारण खऱ्या मंगळावरून तेवढा वेळ लागू शकतो. ज्याला कुणी नाही त्याला संस्थेचा एखादा कर्मचारी मिळणार.

मी काही मागत नाही. कळलं, एवढंच सांगते.

आता यावर माझं मत. ते तू चौथीपासून ऐकत आली आहेस, तरी पुन्हा ऐक. माणसांना वर पाठवू नये. यंत्रं पाठवावीत. यंत्राला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, त्याचा दात दुखत नाही. ते बंद पडलं तर हळहळ वाटते, पण त्याच्या घरी कुणी दाराकडे डोळे लावून बसलेलं नसतं. एका माणसाला जिवंत ठेवायला जेवढं सामान न्यावं लागतं तेवढ्यात दहा यंत्रं बसतील. यात कुठे चूक असेल तर दाखव. दाखवण्यासाठी पत्र लिहावं लागेल, तो तुझा प्रश्न.

दुकान ठीक आहे. उजव्या हाताला शिंपी, डाव्या हाताला चष्मेवाले, मध्ये मी आणि धूळ. तुझी खुर्ची तशीच आहे, तिच्यावर एक प्रिंटर ठेवलाय. तो चालत नाही.

मावशी


२१ जून

खारू,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे कुणीतरी ते घेतलं. तू घेतलंस असं धरून चालते.

आज विषय गेमचा. हल्लीच्या गेमना झालंय तरी काय? परवा चष्मेवाल्यांनी नवीन एक आणला. पहिला अर्धा तास तो आम्हाला नुसता शिकवत होता. इकडे जा, हे दाबा, शाब्बास. पाऊल टाकायचं तिथे बाण, दार उघडायचं तिथे उजेड. मेलं तरी दोन पावलं मागे जिवंत. मी म्हटलं, मग मरायचं तरी कशाला? आमच्या वेळी तीन जीव मिळायचे आणि तिसरा गेला की पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे एकेक पाऊल कसं जपून टाकायचो. चष्मेवाल्यांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते साठीनंतर माणसाला बाण दाखवणारं कुणीतरी हवंच. त्यांना सगळ्याच बाबतीत मत असतं, हा त्यांचा दोष. माझ्यात तो नाही, असं तू म्हणणार नाहीस.

आपला गेम तसा नव्हता. तू अकरा वर्षांची असताना सुरू केलेला. एक ग्रह, दोन खेळणारे, एकाने चाल करायची आणि मग दुसऱ्याची वाट बघायची. तू नेहमी घाईघाईने नवीन घुमट उभारायचीस आणि मी मागून पाण्याच्या टाक्या बांधत यायची. तू म्हणायचीस, मावशी, तू फक्त टाक्याच बांधतेस. अगं, टाक्या नसत्या तर तुझे घुमट तिसऱ्या वर्षी ओस पडले असते.

तो अजून उघडाच आहे. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तोच लावते. 'समोरच्याच्या चालीची वाट पाहत आहे' एवढंच पडद्यावर येतं. एक वर्ष सात महिने झाले. ग्रहावर अजून तोच दिवस आहे.

चष्मेवाले म्हणाले, "बाई, तिचा पासवर्ड तुमच्याकडे आहे ना? तिच्या नावाने शिरा आणि चाल पुढे ढकला. तेवढंच तुम्हाला खेळता येईल." बरोबर आहे त्यांचं, वही माझ्याकडेच आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शिवणीची. साऱ्या घराचे पासवर्ड त्यात आहेत, तुझ्या आईचेसुद्धा, जे आता कुठेच लागत नाहीत. या गल्लीतली निम्मी माणसं विसरली की माझ्याकडे येतात.

मी त्यांना नाही म्हटलं. हल्ली मी दुसऱ्याचं काही उघडत नाही.

मावशी


१५ जुलै

खारू,

आज एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. मेमरी वाढवून द्या म्हणाल्या. उघडला तर सगळं सर्किटच्या एकाच पाटीवर कायमचं झाळलेलं. काढायला जागा नाही, घालायला जागा नाही, बॅटरी चिकटवून टाकलेली. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना आपल्यासारख्या माणसांचा इतका राग का येतो कळत नाही. जे उघडता येत नाही ते आपलं कसं म्हणायचं? मी त्या बाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मला फक्त नातवाचे फोटो ठेवायचे आहेत हो.

उलट ती जुनी अवकाशयानं बघ. माझ्या लहानपणी सोडलेली. तुझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा कमी मेमरी, आणि अजून सूर्यमालेच्या पार पलीकडून कुजबुजतायत. त्यांचा एखादा भाग रुसला की इथली म्हातारी मंडळी कपाटातले पिवळे कागद काढतात, विचार करतात, एक निरोप पाठवतात. मग उत्तरासाठी दोन-दोन दिवस थांबतात. मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटते. बिघडलेल्या गोष्टीला हात लावता येत नाही आणि तरी ती दुरुस्त करायची आहे.

तेव्हा त्या गोष्टीबद्दल लिहितेच.

तुला नोकरीचं बोलावणं आलं होतं तेव्हा तू तापाने फणफणली होतीस. मेल माझ्या कॉम्प्युटरवर उघडी राहिली होती, तूच उघडी ठेवली होतीस. समुद्रापलीकडच्या त्या केंद्रात, आकाशाकडे तोंड केलेल्या मोठ्या अँटेनांवर काम, आणि दहा दिवसांत उत्तर द्या. मी वाचलं. तुला अंथरुणातून उठवेना. इतक्या तापात तू विचार काय करणार, असं मला वाटलं. बरी झालीस की सांगू म्हणून मी ती मेल बाजूला ठेवली आणि मग राहून गेलं. दुकानात त्या आठवड्यात कामही फार होतं.

असं झालं ते. तू कधी ऐकून घेतलं नाहीस, म्हणून लिहिलं.

मावशी


१६ जुलै

खारू,

कालचं पत्र पोस्टात टाकून आले आणि दुकानात बसले तर काम सुचेना. एका साध्या पंख्याचे चार स्क्रू बसवायला तास लागला. दुपारी चष्मेवाल्यांनी विचारलं, काय लिहिलंत? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "ताप किती दिवस होता तिला?"

तीन दिवस, खारू. चौथ्या दिवशी तू उठून माझ्याबरोबर दुकानात आली होतीस. शिंप्याच्या मशीनच्या मोटरची वायर तूच बदललीस. तुला ताप नव्हता आणि मला काम नव्हतं. राहूनही काही गेलं नाही. मी सात दिवस रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं, आणि तू समोर बसून कप पुढे करायचीस, मावशी, अजून थोडा चहा दे, आणि मी चहा द्यायची.

मला भीती वाटत होती. तुझी आई ऑपरेशनला गेली तेव्हा मला म्हणाली होती की गुरुवारी येते, तोवर हिला सांभाळ. तू नऊ वर्षांची, खिशात स्क्रू साठवणारी. म्हणून तर खारू. तो गुरुवार आला नाही. तेव्हापासून कुणी दाराबाहेर बॅग ठेवली की मी ती उचलून आत आणते. यंत्रं पाठवा, माणसं पाठवू नका, हे माझं मत म्हणजे ती भीतीच, दुसरं काही नाही. जगाला मी तांत्रिक कारणं सांगत आले.

आता त्या मेलचं मी काय केलं ते लिहिते. मला ती डिलीट करता आली नाही. तीस वर्षं मी लोकांना बजावतेय की काही पुसू नका, आधी कॉपी करून ठेवा. माझं बोट त्या बटणावर जाईना. म्हणून मी ती 'गॅरंटी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन, सगळ्यांची गॅरंटी कार्डं असतात तिथे. मला वाटलं, तिथे कोण जातंय. चार महिन्यांनी मशीन बंद पडलं आणि तू कार्ड शोधायला गेलीस.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालीस, "मावशी, डिलीट तरी करायचं होतंस. हे असं जपून ठेवलंस, म्हणजे रोज माहीत होतं तुला." आणि बॅग भरलीस. मी तेव्हा काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, मशीनच्या माणसाला फोन करायचाय, कार्ड सापडलं का? लाज वाटते मला त्या वाक्याची. त्या मेलपेक्षाही जास्त वाटते.

माझं चुकलं. कारण सांगून भागेल एवढं लहान नाही ते. तुझ्या आयुष्याचा एक रस्ता मी तुला न विचारता बुजवून टाकला.

सोबत एक पान पाठवतेय. निळ्या वहीतलं तुझं पान आहे. ब्लेडने कापलंय, शिवण उसवू दिली नाही. मी त्याची नक्कल ठेवलेली नाही, आणि मी नक्कल न ठेवणं म्हणजे काय ते तुला कळेल. तुला वाटलं तर सगळे बदल.

मावशी


२३ ऑगस्ट

खारू,

महिनाभर लिहिलं नाही. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं आणि उगाच मागे लागायचं नव्हतं. पण एक प्रयोग केला, तो तुझ्या क्षेत्रातला आहे, म्हणून कळवते.

वीस मिनिटांचा उशीर म्हणजे नेमकं काय, ते मला बघायचं होतं. चष्मेवाल्यांना गळ घातली. आमच्या दोन दुकानांच्या मधल्या भिंतीत वायर न्यायला मी एक भोक पाडलं होतं ना, त्यातून चिठ्ठ्या सरकवायच्या. चिठ्ठी आली की घड्याळ लावायचं आणि वीस मिनिटं झाल्यावरच उघडायची. तीन दिवस असंच बोलायचं, समोरासमोर एक शब्द नाही.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'चहा?' वीस मिनिटांनी त्यांनी वाचलं, लिहिलं, 'कोण करणार?' ते माझ्याकडे पोचून उघडेपर्यंत आणखी वीस. मी लिहिलं, 'तुम्ही.' अशा रीतीने दोन तासांत आम्हाला चहा मिळाला नाही आणि भांडण मात्र झालं. भांडणसुद्धा धड होईना. मी चिडून काही लिहावं, तर त्यांची आधीची माफी तेव्हा वाटेत असायची. मग मी मऊ व्हावं, तर माझी चिडलेली चिठ्ठी त्यांनी आत्ता उघडलेली. शिंपी बाहेर उभा राहून दोघांकडे बघत होता. त्याला वाटलं असावं की आमचं बिनसलंय.

तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. कळ कशात आहे सांगते. समोरच्याचा चेहरा बघून, त्याचा अंदाज घेत घेत बोलायची आपल्याला सवय असते. तिथे ते चालत नाही. जे म्हणायचंय ते एका दमात, पूर्ण आणि खरं लिहावं लागतं. मग मी लिहिलं, 'दोन चमचे साखर, दूध कमी, चार वाजता, तुमच्या दुकानात, कप मी आणते, कालच्या बोलण्याचा राग नाही.' चार वाजता चहा मिळाला.

मला वाटतं, मी तुझ्याशी आयुष्यभर अंदाज घेत घेत बोलले. तू आत राहून जे शिकणार आहेस त्यातलं थोडं मी भिंतीच्या भोकातून शिकले.

आणि ऐक. मी हल्ली संध्याकाळी तुमच्यासारख्या घरांबद्दल मिळेल ते वाचते. यंत्र दगड उचलतं, मोजतं, आकडा पाठवतं, हे खरं. पण दगड उचलून 'अरेच्चा' म्हणत नाही. तुझ्या लहानपणी मी तुझ्या खिशातले स्क्रू मोजायची. तू मात्र एकेक उजेडात धरून बघत बसायचीस. माझं मत बदललंय असं समजू नकोस. थोडं हललंय.

मावशी


१२ सप्टेंबर

खारू,

दहा तारीख गेली. पोस्टमनची वाट बघायला मी दाराशी उभी नव्हते, शिंप्याकडे कापड बघत होते, तिथून दार दिसतं.

काही आलं नाही. ठीक आहे. मनापासून लिहिते, ठीक आहे. रडू आलं, ते चष्मेवाल्यांनी माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून झाकून दिलं. त्यांचा माल माझ्या कामी आला.

तुझ्या फॉर्मवर ज्या कुणाचं नाव असेल, मैत्रीण असो की तो कर्मचारी, त्याला हे एवढं सांग. ती दमली की 'मी ठीक आहे' लिहिते, ठीक असली की लांबलचक लिहिते. तिला तीन आठवडे सलग थोडंच लिहिताना पाहिलं, तर विचारू नका, एखादं कोडं पाठवा. कोड्याचं उत्तर आलं तर काळजी नाही. आणि तिला गेममध्ये मुद्दाम जिंकू देऊ नका, तिला लगेच कळतं.

तुला एवढंच सांगते, तिथल्या पंख्यांच्या जाळ्या आठवड्याला साफ करा. बंद घरात पहिला घात धूळ करते. ब्रश मऊ वापर, आणि पंखा बोटाने अडवून ठेव, फिरू देऊ नकोस.

नीट जा, माझ्या बाळा. दार लागताना माझी आठवण आलीच, तर चहा देणाऱ्या मावशीची येऊ दे.

मावशी


१८ सप्टेंबर

खारू,

हे पत्र तुला दार लागायच्या आधी मिळेल की नाही माहीत नाही. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आज सकाळी दुकान उघडलं, सवयीने गेम लावला आणि बघतच राहिले. पडद्यावर 'तुमची चाल' असं लिहिलेलं. मला वाटलं यंत्र बिघडलं. बंद करून पुन्हा लावलं. मग चष्मेवाल्यांना हाक मारली, त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा पटलं. तू चाल केलीस. आणि केलंस काय, तर नुसता 'पास'. घुमट नाही, रस्ता नाही. एक वर्ष दहा महिने विचार करून पास? मी हसले आणि मग खुर्चीवरचा प्रिंटर खाली ठेवून तुझ्या खुर्चीत बसले.

अकराच्या सुमाराला पाकीट आलं. या वेळी वर माझंच नाव होतं, स्वच्छ अक्षरात. फॉर्मची प्रत. बाहेरची व्यक्ती या रकान्यात माझं नाव, नात्याच्या रकान्यात 'मावशी'. तारीख बघितली तर आठ सप्टेंबर. म्हणजे मी कापड बघत होते तेव्हा ते झालेलं होतं, फक्त वाटेत होतं.

आणि आत एक चिठ्ठी. तुझ्या दोन ओळी मला आता पाठ आहेत, तरी लिहिते, म्हणजे नीट समजलं की नाही ते तुला कळेल. 'खऱ्या यानासाठीच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या यादीत मी आहे, निकाल मी आत असताना मेलने येईल आणि उत्तराला सात दिवस असतील. रोज बघशील ना? खाली नवीन पासवर्ड आहे, वहीत लिही.'

खारू, हे प्रशिक्षण किती वर्षांचं, कुठे, आणि त्यानंतर कुठे, ते मला कळतं. मी अडाणी नाही. चिठ्ठी वाचून मला भीती वाटली, खोटं सांगणार नाही. हे काम तू दुसऱ्या कुणाला देऊ शकली असतीस आणि मला नुसते निरोप लिहायला ठेवू शकली असतीस. तू हे मला दिलंस.

तुझं पान कापलेल्या जागी मी नवीन पान चिकटवलंय. काल ते कोरं होतं. आज त्यावर एक ओळ आहे.

मावशी


२३ जानेवारी
निरोप क्रमांक १८. शब्दमर्यादा दीडशे.

खारू,

नेहमीच्या गप्पा आज नाहीत. चष्मेवाल्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, एवढंच.

आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मेल आली. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा चष्मेवाल्यांनी वाचली.

तुझी निवड झाली.

उत्तराची मुदत तीस जानेवारी. प्रशिक्षण सहा वर्षांचं, जूनपासून, समुद्रापलीकडे. मी तुमच्या संस्थेला लगेच फोन केला. नेहमीच्या वाराची वाट न बघता हा निरोप सोडायला त्यांनी परवानगी दिली. आत्ता दहा पंचवीस झालेत, तुला दहा पंचेचाळीसला मिळेल. तुझं उत्तर त्यांच्यामार्फत जाईल. होकार तू द्यायचा, तुझ्या शब्दांत. मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

ऑपरेशनला जाताना तुझ्या आईने मला तुला सांभाळायला सांगितलं होतं. अडवायला सांगितलं नव्हतं.

माणसं पाठवावीत, खारू. माझं मत बदललं. रडतेय, पण आता मत हेच.

गेममध्ये मी पाण्याची मोठी टाकी बांधली आहे, सहा वर्षं पुरेल. परत आलीस की तुझी चाल.

मेल जिथे आली तिथेच आहे. हलवलेली नाही.

मावशी